खुडूक

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. माणसाने यशाची नोंद वेळच्या वेळी ठेवावी, नंतर तपशील विसरतात.

तपशील: नोकरी साडूंच्या हॅचरीत. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आधीचं ऑफिस सुटल्यावर ताईंनी शब्द टाकला आणि साडूंनी मला 'कॉम्प्युटरचं बघा' म्हणून घेतलं. महिना झाला. बघण्यासारखा कॉम्प्युटर एकच आहे.

आज संधी चालून आली. उबवणीच्या मोठ्या मशीनचा टायमर जळला. हे मशीन म्हणजे खोलीएवढं गरम कपाट. आत ट्रे, ट्रेत अंडी. ट्रे दर तासाला कलले पाहिजेत, एका तासाला उजवीकडे, पुढच्या तासाला डावीकडे. नाहीतर आतलं पिल्लू टरफलाला चिकटतं आणि मरतं. कोंबडी हे चोचीने करते, इथे टायमर करायचा. साडू नवा टायमर मागवणार होते. मी म्हटलं, कशाला? एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहितो. कॉम्प्युटरच दर तासाला मोटर फिरवील.

संध्याकाळी करून दाखवलं. एंटर दाबलं, सगळे ट्रे कुर्रर्र करत उजवीकडे. पुन्हा एंटर, डावीकडे. साडू एरवी माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. आज खांद्यावर हात ठेवला.

४ मार्च, बुधवार

सकाळी अंडी भरली. आता एकवीस दिवसांनी पिल्लं.

स्क्रिप्ट शेड्यूलवर टाकली. दर तासाच्या ठोक्याला कॉम्प्युटर ती आपली आपण चालवणार. मी असलो काय, नसलो काय. हेच तर ऑटोमेशनचं सौंदर्य. साडेपाचला घरी. शांत वाटतंय.

५ मार्च, गुरुवार, सकाळ

लॉग, म्हणजे स्क्रिप्ट चालली की कॉम्प्युटर ठेवतो ती नोंद, रिकामा. काल मी निघाल्यापासून स्क्रिप्ट एकदाही चाललेली नाही.

एंटर दाबलं. चालली. शेड्यूलवर सोडून तास वाट पाहिली. नाही चालली. पुन्हा एंटर. चालली.

 हे फक्त नोंद म्हणून. घाबरलेलो नाही. हात गार पडलेत ते ऑफिसातल्या एसीमुळे.

कुणाला बोललो नाही. मशीनच्या खोलीत दिवसभर एकच माणूस असतो, सुपरवायझर. त्याला सगळे थर्मामीटर म्हणतात, कारण तो तापमानापलीकडे कशाकडे बघत नाही. त्याने विचारलं, काही प्रॉब्लेम? मी म्हटलं, छे. तो म्हणाला, बरं, तापमान माझं, फिरवणं तुमचं.

७ मार्च, शनिवार

सापडलं! इतकं सोपं की हसू आलं.

मी लॉगिन करतो तेव्हा कॉम्प्युटरला माझं सगळं ठाऊक असतं. कोणता प्रोग्राम कुठे ठेवलाय वगैरे. शेड्यूलवर चालणारी स्क्रिप्ट मात्र परक्या घरी झोपेतून उठलेल्या पाहुण्यासारखी. दिव्याचं बटण कुठे, न्हाणीघर कुठे, काही पत्ता नाही. मोटरचा प्रोग्रामच तिला सापडत नव्हता. मी त्याचा पूर्ण पत्ता लिहून दिला. पुढच्या तासाला लॉगमध्ये ओळ उमटली: यशस्वी. त्याच्या पुढच्या तासाला: यशस्वी.

निघताना थर्मामीटर सहज म्हणाला, ट्रे मघापासून डावीकडेच दिसतायत. मी त्याला समजावलं, एक तास डावी, एक तास उजवी. तुम्ही बघायला येता तोच तास डावीचा असणार. तो म्हणाला, असेल बुवा.

अशा लोकांना ऑटोमेशन समजवायला वेळ लागतो. पुढच्या महिन्यात हजेरी, गेट, खाद्याची मागणी, सगळंच स्क्रिप्टवर घेईन.

८ मार्च, रविवार

सुट्टी. दुपारी ताईंकडे जेवायला. मोबाईलवर लॉग उघडून सगळ्यांना दाखवला. यशस्वी, यशस्वी, यशस्वी, बोट सरकवाल तितकं. साडूंनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, वा. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाची आठवण झाली.

ताईंनी विचारलं, पण फिरलं की नाही हे ते आत जाऊन बघतं का? मी म्हटलं, ताई, लॉग म्हणजे लॉग. ताईंना अजून वाढायचं होतं, विषय तिथेच संपला.

९ मार्च, सोमवार

सकाळी ट्रे डावीकडे. ठीक. एंटर दाबून पाहिलं, उजवीकडे गेले. ठीक. तासाच्या ठोक्याला शेड्यूलने डावीकडे आणले. उत्तम. मी उगाच शंका घेत होतो.

मग म्हटलं, बसलोच आहे तर आणखी एक तास बघू.

ठोका पडला. ट्रे हलले नाहीत. लॉगमध्ये ओळ आली: यशस्वी.

त्याच्या पुढचा तास. डावीकडेच. यशस्वी.

 हे समोरासमोर खोटं बोलतंय. आणि शनिवारपासून बोलतंय.

१० मार्च, मंगळवार

विचार केला. मी एंटर दाबतो तेव्हा चालतं. काल नुसता बघत बसलो तेव्हा नाही. म्हणजे मी समोर असण्याशी काहीतरी संबंध आहे. मी अंधश्रद्धाळू नाही. पण शास्त्रीय पद्धतीने सगळ्या शक्यता तपासाव्यात.

म्हणून मी दाराआड उभा राहिलो, कॉम्प्युटरच्या स्क्रीनला दिसणार नाही असा. श्वाससुद्धा हळू घेत होतो. ठोका पडला. काही नाही. तेवढ्यात मागून थर्मामीटर आला आणि विचारलं, काय करताय? मी दचकून ओरडलो. मग म्हटलं, बिजागरी बघतोय. त्यानेही वाकून बिजागरी पाहिली. म्हणाला, चांगली आहे की.

घरी येताना एकच गोष्ट डोक्यात. रविवारी मी जेवत होतो, मोबाईल दाखवत होतो, तेव्हा ती अंडी आदल्या दिवसापासून एकाच कुशीवर पडून होती.

११ मार्च, बुधवार

साडूंना सांगायचं ठरवलं. त्यांच्या केबिनपर्यंत गेलो. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, आमच्याकडे आता सगळं कॉम्प्युटरवर. मला पाहून हात वर केला, हसले. मी पण हात वर केला. परत आलो.

निर्णय: शेड्यूल तात्पुरतं थांबवलं. दर तासाला मी स्वतः एंटर दाबणार. दिवसा इथून, एरवी घरून लॅपटॉपवर. कुणाला कळायचं कारण नाही. लॉगमध्ये ओळी येतीलच, आणि या खऱ्या असतील. तात्त्विकदृष्ट्या हेही ऑटोमेशनच. फक्त मधला एक भाग माणसाचा.

१२ मार्च, गुरुवार

मोबाईलवर दर तासाचा गजर. आंघोळ गजराच्या आत. भाजी आणायला गेलो तो अर्ध्या रस्त्यातून पळत आलो. दुकानदार सुटे पैसे घेऊन मागे धावला, मी थांबलो नाही.

बायको म्हणाली, तू लॅपटॉपवरून उठत नाहीस, कुणी जवळ आलं की अंगावर येतोस, खाण्यापिण्याकडे लक्ष नाही. तू खुडूक झालायस. खुडूक कोंबडी अशीच अंड्यांवर बसून राहते.

मी म्हटलं, फालतू विनोद नको. आवाज थोडा चढला. तिने बशी ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली.

१३ मार्च, शुक्रवार

आज रजा घेऊन घरीच. डोळे मिटायला लागले म्हणून युक्ती केली. लॅपटॉपवरून लॉगिन करून, 'तासाने दाब, पुन्हा तासाने दाब' असं चक्र लावून दिलं आणि आडवा झालो. माझ्याच लॉगिनमध्ये असल्याने ते चालतं. दोनदा चाललेलं पाहिलं होतं.

उठलो तर टेबल लख्ख. लॅपटॉप मिटून कपाटात. तो मिटला की लॉगिन तुटतं आणि चक्रही मरतं. सगळी दुपार गेली.

मी बायकोवर ओरडलो. असा कधी ओरडलो नव्हतो. ती म्हणाली, टेबल पुसलं, एवढंच केलं, त्यात असं काय मेलं? मी म्हटलं, मेलं असेल! खरंच मेलं असेल! आणि बसलो खुर्चीत.  मग सगळं सांगून टाकलं.

आधी ती हसली. मग हसायची थांबली. विचारलं, आत किती पिल्लं आहेत? मी सांगितलं. तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. म्हणाली, रात्रीचे अर्धे तास मी दाबते, कोणतं बटण ते दाखव.

तिला बजावलं, ताईंना यातलं अक्षर कळता कामा नये. ती म्हणाली, छे.

१४ मार्च, शनिवार

आज अंडी तपासायचा दिवस. थर्मामीटरने मला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. मी म्हटलं, मला काम आहे. तो म्हणाला, मालकांनी सांगितलंय, तुम्हालाही दाखवायचं.

त्याने दिव्यावर अंडं धरलं. आत लाल शिरांचं जाळं, आणि मधोमध काळा ठिपका. तो ठिपका हलला. म्हणजे चक्क हलला, दिवा नको असल्यासारखा बाजूला झाला. थर्मामीटर म्हणाला, हे चांगलं आहे. पुढचं धरलं. त्यात शिरा नव्हत्या, नुसतं लाल कडं, बांगडीसारखं. म्हणाला, हे गेलं. बादलीत टाकलं. पुढचं चांगलं. पुढचं गेलं. पुढचं गेलं.

मी विचारलं, इतकी जातात नेहमी? तो म्हणाला, नेहमी नाही. या खेपेलाही तापमान तर बरोबर होतं. आणि कागद काढून मला तापमान दाखवायला लागला. तो स्वतःच घाबरला होता. आपल्यावर येईल म्हणून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, तुमची चूक नाही. त्याने विचारलं, मग कुणाची? मी म्हटलं, गजर झाला, येतो.

आतापर्यंत मी साडूंना भीत होतो. आज कळलं ती काहीच भीती नव्हती. डोळे मिटले की तो ठिपका हलतो.

१६ मार्च, सोमवार

बायको म्हणते, तू ते मूळ दुखणं शोधत का नाहीस? बरोबर आहे. पण आत्ता स्क्रिप्टला हात लावला आणि आहे तेही बिघडलं तर? हाताने चाललंय ते चालू द्यावं. मी घाबरून टाळतोय असं तिला वाटतं. मी जोखीम सांभाळतोय.

शिवाय एक गोष्ट मान्य करायला हवी. मी आता शेड्यूलपेक्षा जास्त भरवशाचा आहे.

१८ मार्च, बुधवार

संकट. साडू त्यांच्या एका मित्राला घेऊन आले. मित्राची स्वतःची हॅचरी आहे. म्हणाले, दाखवा यांना तुमचं ऑटोमॅटिक.

ठोक्याला पाच मिनिटं होती. आम्ही चौघे काचेसमोर उभे. साडू, मित्र, थर्मामीटर आणि मी. माझा हात पँटच्या खिशात, हातात मोबाईल, त्यावर बटण तयार. न बघता दाबायचं. ठोका पडला. दाबलं. काही नाही. मित्र म्हणाला, घड्याळ पुढे असेल. माझ्या कानातून घाम वाहतोय असं वाटलं. पुन्हा दाबलं. काही नाही. मशीनच्या खोलीत मोबाईलला रेंज धड येत नाही, हे मला आत्ता आठवत होतं. साडू माझ्याकडे बघत होते. तोंडाकडे नाही, खिशाकडे.

मग कुर्रर्र. ट्रे उजवीकडे गेले. मित्र म्हणाला, अरे वा. आणि ट्रे लगेच पुन्हा डावीकडे आले.

मित्राने विचारलं, दोनदा का? मी म्हटलं, डबल सेफ्टी. त्याने वहीत लिहून घेतलं.

ते गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन बसलो.  गजर झाला तेव्हा उठलो.

२२ मार्च, रविवार

सापडलं. आता खरंच सापडलं.

काल बायको रडली. झोप नाही म्हणून. म्हणाली, आणखी एक रात्र जमणार नाही, वाट्टेल ते कर. मग मात्र सकाळी धीर करून स्क्रिप्ट उघडली आणि एकेक ओळ वाचली. मीच लिहिलेली, तरी पहिल्यांदा वाचल्यासारखी.

मागच्या वेळी ट्रे कुठे कलले, ते स्क्रिप्ट एका छोट्या फाइलमध्ये टिपून ठेवते. पुढच्या वेळी ती वाचते आणि उलट बाजू सांगते. मी चालवतो तेव्हा ती माझ्या फोल्डरमध्ये उभी असते, फाइल समोरच सापडते. शेड्यूलवर ती दुसऱ्याच फोल्डरमध्ये जागी होते. तिथे फाइल नाही, नवी लिहायची परवानगीही नाही. मग ती समजते, आज पहिलाच दिवस, आणि पहिल्या दिवशी डावी. दर तासाला तिचा पहिलाच दिवस. दर तासाला डावी. ट्रे डावीकडे असतानाही, डावी. आणि ते झालेलंच असायचं, म्हणून यशस्वी.

म्हणजे ती खोटं बोलली नव्हती. एकदाही नाही. मी तिला जे सांगितलं होतं तेच ती करत होती.

फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला. एक ओळ. शेड्यूल सुरू केलं. दुपारी लॉगमध्ये: यशस्वी, फाइलमध्ये: उजवी. नंतर: डावी. पण आता नुसत्या लॉगवर विश्वास ठेवणारा मी राहिलेलो नाही. रिक्षा करून हॅचरीत गेलो, दाराच्या काचेतून आत पाहिलं. ठोका पडला आणि ट्रे कलले. मी कशालाही हात न लावता. आवाजसुद्धा नेहमीपेक्षा हलका, मोटर सुखावल्यासारखी. आणखी एक तास थांबलो. पुन्हा कलले. कोपऱ्यात उभा राहून थोडा रडलो. हे थकव्यामुळे.

घरी येऊन सगळे गजर बंद केले. बायको आत्ताच झोपलीय, उशीवर डोकं टेकताच.

२३ मार्च, सोमवार

झोप झाल्यामुळे शिट्टी वाजवत गेलो. थर्मामीटरला म्हटलं, चला, ट्रे बघू.

ट्रे रिकामे. सगळे. उजवीकडे कललेले, ओळीने, रिकामे.

मला वाटलं चक्कर येणार. तो म्हणाला, अहो, काल सकाळीच अंडी काढून फुटायच्या पेट्यांत ठेवली. अठरा दिवस झाले की फिरवायचं नसतंच. तुम्हाला माहीत नव्हतं?

मी म्हटलं, माहीत होतं. टेस्टिंग चाललंय.

२५ मार्च, बुधवार

पहाटे बायकोलाही घेऊन गेलो. तीच म्हणाली येते. गेटपाशीच आवाज ऐकू आला. इतका बारीक, इतका दाट की आधी कळेना कसला. ती माझा दंड धरून चालत होती. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस. ती म्हणाली, मी तुला धरलंय.

पेट्या उघडल्या. ओली पिल्लं, वाळलेली पिल्लं, एकमेकांच्या डोक्यावर पाय देणारी. खूप होती. पण नेहमी जितकी खोकी भरतात त्याच्या दोन तृतीयांशच भरली. उरलेल्या पेट्यांत न फुटलेली अंडी. एक अर्धवट फुटलेलं होतं. आतलं पिल्लू पुरं वाढलेलं, पिसं आलेलं, एका बाजूने टरफलाला चिकटलेलं. थर्मामीटर ते उचलायला आला. मी म्हटलं, राहू द्या, मी टाकतो. टाकताना खूप वेळ लागला.

मग साडूंच्या केबिनमध्ये गेलो, बायको मागोमाग. या वेळी दारात थांबलो नाही. भाषण तयार होतं: फोल्डर, फाइल, परक्या घरचा पाहुणा. पहिलं वाक्य निम्मं झालं तेवढ्यात साडू म्हणाले, बसा, मला माहीत आहे.

मी म्हटलं, कधीपासून? म्हणाले, तुम्ही हिला सांगितलंत, हिने ताईला सांगितलं, ताईने मला. चौदा तारखेला, सकाळच्या चहाला. मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? साडू म्हणाले, टायमर त्याच दिवशी मागवला असता तरी ही खेप संपल्यावरच आला असता. आणि निम्म्या रात्री माझी मेव्हणी जागतेय हे कळल्यावर मी निर्धास्त झोपलो. नुसते तुम्ही असतात तर मी स्वतः येऊन बसलो असतो.

मी म्हटलं, पण आता दुरुस्त झालंय. रविवारपासून एकही तास चुकलेला नाही. लॉग काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावला नाही. फोन परत माझ्याकडे सरकवला.

म्हणाले, शुक्रवारी नवी अंडी भरायची आहेत. टायमर येईपर्यंत दिवसा तुम्ही दाबा, रात्री थर्मामीटर दाबेल, माझ्या मेव्हणीला आता झोपू द्या. पहिल्या आठवड्यानंतर तुम्ही एकही तास सोडला नाहीत, ती एक दुपार सोडली तर. तेवढं जमतं तुम्हाला. ते कॉम्प्युटरने आपलं आपण फिरवायचं मात्र पुसून टाका.

मी विचारलं, तात्पुरतं? ते म्हणाले, पुसून.

संध्याकाळ

ऑफिसात एकटाच. मशीनच्या खोलीतून दर तासाला कुर्रर्र येत होतं. रिकाम्या ट्रेंचं, अगदी ठोक्याला, एक उजवी, एक डावी. तीन दिवसांत एकदाही चुकलं नाही. शुक्रवारचा विचार आला की एसी बंद असूनही हात पुन्हा गार पडतात. पण मी घाबरलेलो... आहे. लिहून ठेवतो.

शेड्यूल पुसायची आज्ञा दिली. कायमचं पुसायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. हो म्हटलं.

पहिल्याच फटक्यात झालं.